पिशवी कुठे आहे

त्या दिवशी सकाळी यवतमाळच्या दवाखान्यात मी ह्यांच्या खाटेशेजारी बसून औषधांचा कागद वाचत होते. हे बराच वेळ छताकडे बघत पडले होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "पिशवी कुठे आहे?"

"घरी. कपाटात, दुसऱ्या खणात," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले.

मी खालच्या दुकानातून एक इंजेक्शन आणायला गेले. रांगेत माझ्यापुढे चारच माणसं होती. वर आले तर खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढलेला होता आणि नर्स माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या हातातल्या इंजेक्शनकडे बघत होती... बेचाळीस वर्षांच्या संसारातला त्यांचा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द 'बरं' हा होता.

याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे सांगतात की नामदेवभाऊ शांतपणे गेले, त्यांचं काही मागणं राहिलं नव्हतं. मी मान हलवते, चहा देते. पण मला ते पटत नाही. ज्या माणसाचं काही मागणं राहिलेलं नसतं, तो दवाखान्यात पिशवीची चौकशी कशाला करेल? आणि त्यांच्या 'बरं'वर तर माझा कधीच विश्वास नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं तरी बरं, बदली झाली तरी बरं, माझ्या भावाने लग्नात त्यांना मागच्या पंगतीत बसवलं तेव्हाही बरंच. या शब्दाच्या मागे काय असतं हे मी बेचाळीस वर्षं ताडून पाहत होते, आणि एकदा, फक्त एकदा, ते आमच्या सगळ्या दिग्रस गावासमोर पडद्यावर दिसलं. निदान मला तसं वाटलं.

ईशान, मीरा, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी ते छापायला मागितलं तेव्हा मी एवढीच अट घातली की यातलं काही गाळू नये. तेरवीनंतर व्हिडिओ कॉलवर मीराने विचारलं होतं, "आजी, आजोबांच्या सिनेमातली ती रागावणारी बाई तूच ना?" तुमच्या बाबाने तिला गप्प केलं. गप्प करण्यासारखं काही नव्हतं. चार वर्षं मी स्वतःला तोच प्रश्न विचारत आले आहे, आणि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, तो मला जास्त छळतो. माझ्या घरात तुमचे आजोबा सुखात होते की नुसते 'बरे' होते?

तुमचे आजोबा बसस्थानकावर नियंत्रक होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे ते कर्ण्यावरून सांगत. "दारव्हा मार्गे यवतमाळला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." हा आवाज कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या गोंगाटातूनही आमच्या शाळेपर्यंत यायचा आणि माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे बघून हसायची. गाव मला मॅडम म्हणायचं म्हणून तेही मॅडमच म्हणत. बाहेर ते अस्सल वऱ्हाडी बोलत. घरात मात्र शाळेच्या पुस्तकासारखं, कारण मुलाच्या कानावर 'मले-तुले' पडू नये असं मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरवलं होतं. त्यावरही ते बरं म्हणाले होते. बाहेर एवढं बोलणारा माणूस उंबऱ्याच्या आत आला की गप्प होई. दिवसभर बोलून थकत असतील, असं मी धरून चालले होते.

आता घराचा नियम सांगते, कारण सगळं त्यावर फिरतं. माझे वडील सरकारी नोकरीत होते आणि माझं बालपण नागपूरच्या आणि इतर गावांच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. बदली झाली की एक कारकून वही घेऊन यायचा आणि खोल्याखोल्यांतून फिरून भिंतींची भोकं लिहून घ्यायचा. वडील त्याच्या मागोमाग मान खाली घालून चालायचे. म्हणून आमच्या घरी भिंतीला खिळा मारायचा नाही, हा देवपूजेइतका पक्का नियम होता. कॅलेंडर टेबलावर, घड्याळ फळीवर, देवांच्या तसबिरी कोनाड्यात. लग्नानंतर दिग्रसला आम्ही स्वतःचं घर घेतलं, तरी मी तो नियम तसाच आणला. आमचं घर तपासायला कुठलाही कारकून येणार नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं म्हणायला मला आवडेल. पण ते खरं नाही. ध्यानात होतं. मला कोऱ्या भिंती आवडायच्या.

ह्यांच्याजवळ एक खाकी कापडाची पिशवी होती. गाड्यांची टिपणवही, डबा, चष्मा आणि एक पंचा तिच्यात असे. कामावरून आले की ते ती खुर्चीच्या पाठीला अडकवत आणि खुर्ची मागे कलंडे. मी पिशवी उचलून कपाटाच्या दुसऱ्या खणात ठेवी, तिथे मी तशी चिठ्ठीच लावली होती. सकाळी ते आधी खुर्चीमागे बघत, मग खुर्चीखाली, आणि मग विचारत, "पिशवी कुठे आहे?" मी सांगे, "कपाटात, दुसऱ्या खणात." ते म्हणत, "बरं." असं किती सकाळी झालं असेल ते मी मोजलं नाही. मला वाटायचं, माणूस विसराळू आहे.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर ते दुपारचा चहा घेतला की बाहेर पडू लागले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, रोज जाण्यासारखं काही काम नव्हतं. विचारलं तर "वाचनालयात जातो" म्हणाले. एका सोमवारी मीही पुस्तक बदलायला गेले तर वाचनालयाला कुलूप. सोमवारी ते बंदच असतं. संध्याकाळी हे घरी आले. मी विचारलं, "आज काय वाचलंत?" ते म्हणाले, "पेपर." मी वहीत तारीख लिहून ठेवली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवर मला गुलाबी पावडरीचा डाग सापडला. तुम्ही हसाल. मी त्या वेळी हसले नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसावर असा संशय घेणं हास्यास्पद आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी तो सदरा न धुता वेगळा ठेवला.

रशीदभाई म्हणजे ह्यांचे चालक मित्र. निवृत्तीनंतर बसस्थानकाजवळच्या पुतण्याच्या गॅरेजात बसतात. मी तिथे गेले आणि तो सदरा त्यांच्यापुढे ठेवला.

"भाभी, मले काहून विचारता? त्यायलेच विचारा न," ते म्हणाले.

"ते वाचनालयात जातात."

"मंग झालं तं. वाचून राह्यले असतीन."

"वाचताना पावडर लागते का?"

रशीदभाई बराच वेळ पान्याला लागलेलं ऑइल पुसत राहिले. "नामदेवभाऊनं शपथ घातली हाय. पन तुमच्या मनात जे हाय ना भाभी, तसं काही नाही. तो मानूस त्या लायकीचाच नाही." मग स्वतःच हसले. "सिनेमा चालू हाय. मी पन हाओ त्याच्यात. शेजारी झालो."

तर तो सिनेमा. प्रज्ञा नावाची माझी जुनी विद्यार्थिनी नेरच्या शाळेत शिकवते. सुट्ट्यांमध्ये मित्रमैत्रिणी जमवून ती वऱ्हाडीत विनोदी सिनेमे करते. या सिनेमासाठी तिने दिग्रसला तिच्या मावशीचं घर घेतलं होतं, आणि नायकाचं काम तुमच्या आजोबांना दिलं होतं. का दिलं, हा माझा पहिला संशय. प्रज्ञा सातवीत असताना दुपारच्या अभ्यासाला माझ्या घरी यायची. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिने पाहिल्या होत्या. एकदा निबंधाची पूर्ण वही पुन्हा लिहायला लावली म्हणून ती माझ्यासमोर रडलीही होती.

मंगल कार्यालयात पडदा बांधून सिनेमा दाखवला. मला पहिल्या रांगेत बसवलं. सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला मला माझं घर दिसलं. घर मावशीचं होतं, पण डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, दारावर कामांचं वेळापत्रक होतं, आणि बायकोच्या गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा होता. मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "हे तं आपल्या मॅडमचंच घर आहे वं." दुसरीने तिला चूप केलं, पण ती हसत होती हे माझी पाठ तिच्याकडे असूनही मला दिसलं.

गोष्ट साधी होती. एक निवृत्त, गरीब स्वभावाचा माणूस. त्याला आपल्या घरात पिशवी अडकवायला एक खिळा हवा असतो. बायको नाही म्हणते. तो बरं म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात बाज टाकून तिच्यावर जाऊन बसतो. तीन दिवस घरात येत नाही. गल्ली जमते. शेजारी झालेले रशीदभाई विचारतात, "काहून बसून राह्यले भाऊ?"

"खिळ्यासाठी."

"खिळाच पायजे ना? मंग माया भितीत ठोका. दहा ठोका."

"तुयी भीत मले कायले? मले माया घरात पायजे. एक. जास्त नाही मागून राह्यलो."

सगळं कार्यालय हसून कोसळत होतं. मी हसले नाही, कारण मी तो आवाज ऐकत होते. तो कर्ण्यावरचा आवाज नव्हता, घरातला तर नव्हताच. मोकळा, हट्टी, थोडासा मिश्किल... हा माणूस माझ्या घरात राहतो आणि मी त्याला कधी भेटले नाही, असं काहीसं मनात आलं. शेवटी सिनेमातली बायको काहीएक न बोलता आतून हातोडा आणते आणि त्याच्या बाजेवर ठेवते. माफी नाही, रडणं नाही. हातोड्याच्या दांड्यावरही चिठ्ठी असते, 'हातोडा'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ती चिठ्ठी झोंबली.

घरी चालत येताना मी विचारलं, "ही गोष्ट कोणाची?"

"प्रज्ञाची."

"डब्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा?"

"तिने पाहिल्या असतील कुठे."

"आणि खिळा?"

ते थोडं पुढे चालून गेले. मग थांबले. "सिनेमा आहे, मॅडम."

मी अकरा दिवस कामापुरतं बोलले. बाराव्या दिवशी जेवताना म्हटलं, "तुम्हाला खिळा हवा होता तर मला सांगायचं होतं. गावाला कशाला सांगितलं?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं. एकदा."

"कधी?"

"जाऊ दे."

मी पुष्कळदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलंच नसेल. सिनेमातलंच एखादं वाक्य अजून त्यांच्या जिभेवर असेल. तरीही मी बाजारातून भिंतीला चिकटवायचा एक प्लॅस्टिकचा हुक आणला. भोक पडत नाही, भिंत खराब होत नाही. त्यांनी पिशवी अडकवली, मागे सरून पाहिलं. पिशवी हुकासकट खाली आली. डब्याचं झाकण घरंगळत पलंगाखाली गेलं. ते इतके हसले की डोळ्यांना पंचा लावावा लागला. मी पिशवी उचलून दुसऱ्या खणात ठेवली. त्या हसण्याचाही मला संशय आला होता, हे इथे लिहून ठेवते.

ते गेल्यावर नवव्या दिवशी प्रज्ञा नेरहून आली. माझ्याजवळ खाली बसली, पण तिचा धीर होत नव्हता. मीच विचारलं, "तू त्या सिनेमात माझं घर का दाखवलंस?"

"मॅडम, माझ्या गोष्टीत खिळा नव्हता," ती म्हणाली. "माझ्या गोष्टीत त्या माणसाला रेडिओ हवा होता. सरांनी वाचली आणि म्हणाले, रेडिओ नको, खिळा घे. मग घरही त्यांनीच सांगत नेलं. चिठ्ठ्यांचं त्यांनीच सांगितलं."

म्हणजे ह्यांच्यावरचा माझा संशय खरा होता. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं.

"आणि शेवटी बायको हात जोडून माफी मागते असं मी लिहिलं होतं," प्रज्ञा पुढे म्हणाली. "ते सरांनी काढायला लावलं. म्हणाले, 'ते नाही जमत. ते बाई माफी मागनारी नाही, अन् तिनं मागूबी नये. तिनं आपल्या हातानं हातोडा आनून द्यावा. तेवढं पुरे.'"

नवऱ्याच्या मागे राहिलेल्या बाईला लोक गोड गोड सांगतात, आणि ही माझी विद्यार्थिनी, निबंध चांगला लिहायची. तिने हे आत्ता रचलं असेल का? मी विचारलं नाही. पण ती गेल्यावर एवढं कळलं की रचलं असो वा नसो, त्यांनी हातोड्याची वाट पाहिली होती आणि मी प्लॅस्टिकचा हुक आणला होता.

तेराव्या दिवशीच्या जेवणाला पन्नास-साठ माणसं येणार होती. आदल्या दिवशी बैठकीसाठी पुढच्या खोलीतलं सामान हलवायचं ठरलं. तुमचे बाबा, रशीदभाई आणि गॅरेजातले दोघे जण लोखंडी कपाटाला लागले. ते कपाट माझ्या वडिलांनी नातू झाला म्हणून नागपूरहून ट्रकमधून पाठवलं होतं. ते जड आहे म्हणून आजवर कोणी हलवलं नव्हतं. रंगारी आले की त्याच्या कडेकडेने रंग लावून जायचे. चौघांनी ते ओढलं आणि मागची भिंत उघडी पडली. घराचा पहिला रंग, पिस्त्यासारखा हिरवा, तिथे तसाच होता. आणि त्या हिरव्या चौकोनात, दाराकडच्या बाजूला, पुरुषाच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक खिळा होता.

"इथं तं आधीच हाय," रशीदभाई म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बाजूला सरले.

मी चष्मा लावून जवळ गेले. खिळा सरळ, नीट ठोकलेला. त्याच्याखाली भिंतीवर अर्धगोल काळपट घासलेली खूण होती, कापडी पिशवी रोज अडकवून आणि काढून पडते तशी. तुमच्या बाबाच्या बाळंतपणाला मी चार महिने नागपूरला होते. ते चार महिने ह्यांची पिशवी तिथे होती. मी बाळ घेऊन परत आले त्याच दिवशी कपाटही आलं.

'सांगितलं होतं. एकदा.' आता मला आठवतं, किंवा आठवतं असं वाटतं. हमाल कपाट खांद्यावर घेऊन दारात उभे आहेत, माझ्या कडेवर बाळ रडतं आहे, आणि हे म्हणताहेत, "थोडं पलीकडे सरकवलं तर? इथं माझा..." आणि मी म्हणते, "तिथे शोभत नाही. इथेच ठेवा." आणि ते म्हणतात, "बरं." हे खरंच असं झालं, की पाच आठवड्यांत मी जुळवलं, याची मला खात्री नाही. आणि त्याहून वाईट शंका वेगळीच आहे. दारातून आत आल्यावर पहिली नजर त्याच भिंतीवर जाते. मला तेव्हा तो खिळा दिसला नसेल का? माझ्या कोऱ्या भिंतीवर माझ्या पाठीमागे ठोकलेला खिळा, आणि दिसला नाही? मी सगळ्यांचा संशय घेतला. ह्यांचा, रशीदभाईंचा, प्रज्ञाचा. कपाट तिथेच ठेवा म्हणणाऱ्या त्या बाईचा संशय मी पहिल्यांदा आत्ता घेते आहे.

तेव्हा मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो. ती बाई मीच. फक्त सिनेमातली बाई तिसऱ्या दिवशी हातोडा आणते, तेवढा तिच्यात आणि माझ्यात फरक आहे.

तेरवी झाली, माणसं पांगली. तुमच्या बाबाने विचारलं, "आई, कपाट परत लावायचं ना?" मी नको म्हटलं. ते आता खोलीच्या मध्येच उभं आहे, वाकडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते आणि शेजारच्या काकू रोज ते सरळ करून द्यायला तयार असतात. भिंतीवरचा हिरवा चौकोनही मी तसाच ठेवला आहे, रंगवणार नाही. काकूंनीच परवा विचारलं, "मॅडम, आता खिळा आहेच तर साहेबांचा फोटो का नाही लावत त्याच्यावर?"

फोटो टेबलावर आहे, कॅलेंडरशेजारी. तिथे तो बरा आहे. खिळ्यावर दुसऱ्या खणातली पिशवी आहे. टिपणवही, चष्मा, डबा, पंचा, सगळं आत तसंच आहे. सकाळी दार उघडलं की वाऱ्याने ती थोडी हलते आणि जुन्या खुणेवर बरोबर घासते.

त्यांनी आता विचारलं असतं, तर शोधावं लागलं नसतं.